कागदी वीट आणि हवामान : प्रस्तावना

पेपरक्रीट म्हणजे भिजवून कुटलेल्या रद्दीच्या लगद्यात सिमेंट आणि बहुधा वाळू, माती किंवा राख मिसळून तयार केलेले हलके बांधकाम साहित्य. हा लगदा साच्यात ओतून ठोकळे पाडता येतात, फळ्या ओतता येतात, ठोकळ्यांच्या सांध्यांत तोच भरता येतो आणि भिंतीला गिलावाही त्याचाच करता येतो. भट्टी, कोळसा किंवा अवजड यंत्र लागत नसल्याने घरच्या घरी करण्याजोग्या साहित्यात त्याची गणना होते. मात्र भाजक्या विटेत जे काम आग करते ते इथे हवेवर सोपवलेले असते. मिश्रण कालवून साचे भरायला एक दिवस पुरतो; त्यातले पाणी जायला काही आठवडे लागतात. ठोकळा चांगला उतरला की बिघडला, याचा निकाल बहुतेक वेळा या आठवड्यांतच लागतो. म्हणून कोणते मिश्रण किती प्रमाणात घ्यावे याच्याइतकाच, ते कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यात वाळवावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या विवेचनासाठी आधाराला घेतलेले टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले गाव आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरचे, माढा तालुक्यातले टेंभुर्णी ते वेगळे. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दुष्काळी वर्षी तो ४०० ते ४५० मिलिमीटरपर्यंत खाली येतो. हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे इथे वैशाखात वाळवंटासारखी कोरडी हवा असते, श्रावणात कोकणची आठवण व्हावी इतकी दमट, आणि मार्गशीर्ष-पौषात थंड व कोरडी. वाळवण्याच्या दृष्टीने एकाच गावात, एकाच वर्षात तीन हवामाने भेटतात. टेंभुर्णीचे वर्ष नीट समजले की महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांचे वेळापत्रक त्यावरून बसवता येते.

लगद्याचा वापर : जुना आणि नवा

कागद आणि सिमेंट यांच्या मिश्रणाचे पेटंट अमेरिकेत १९२८ साली घेतले गेले, पण पुढे अर्धे शतक त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात एरिक पॅटरसन आणि माइक मॅककेन यांनी, एकमेकांच्या कामावर न विसंबता, ही कल्पना पुन्हा शोधून काढली. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, टेक्सास या कोरड्या राज्यांत स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्या लोकांनी ती उचलली. मोटारीचा मागचा ॲक्सल आणि पाते वापरून, गाडीमागे ओढत नेण्याजोगा मिश्रक हे या मंडळींचे खास अवजार. पेपरक्रीटवर आज जे काही लिखाण मिळते त्याचा मोठा भाग याच प्रदेशात लिहिला गेलेला आहे, आणि त्यातल्या वाळवण्याच्या सूचना तिथल्या हवेपुरत्या खऱ्या आहेत. ही गोष्ट ध्यानात न घेता त्या सूचना जशाच्या तशा उचलल्या, की कोकणात बुरशी येते आणि मराठवाड्यात ऐन उन्हाळ्यात तडे जातात.

मराठी मुलखाला कागदाचा लगदा नवा नाही. खुलताबाद–दौलताबाद परिसरातल्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा व्यवसाय चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळापासून चालत आल्याचे सांगितले जाते. हातकागदाच्या जुन्या पद्धतीत ओला ताव चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवत. भिंत एका बाजूने पाणी शोषून घेई, दुसऱ्या बाजूने वारा लागे आणि ताव सरळ राही. खेडोपाडी बायका रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड घालून उपड्या पातेल्यावर टोपल्या थापत; मेथीमुळे लगदा चिकट होई आणि किडीपासूनही बचाव होई. ताव काय किंवा टोपली काय, जाडी थोडी असल्याने वाळण्याचा प्रश्न एक-दोन दिवसांत सुटे. ठोकळ्याची जाडी दहा सेंटिमीटरवर गेली की तोच लगदा वेगळा वागू लागतो.

महाराष्ट्रातले या विषयावरचे शास्त्रीय काम प्रामुख्याने नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. तिथले राहुल राळेगावकर आणि सचिन मांडवगणे यांनी सहकाऱ्यांसह, रद्दीपासून पुन्हा कागद बनवणाऱ्या गिरण्यांतून उरणाऱ्या गाळापासून हलक्या विटा तयार केल्या. त्यांच्या मिश्रणात सुमारे ९० टक्के गाळ आणि १० टक्के सिमेंट असे प्रमाण होते. या विटा यंत्राने दाबून काढलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या होत्या. घरगुती कारागिराने या प्रयोगातून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे दाब. दाबून काढलेले पाणी पुन्हा उन्हाने काढावे लागत नाही.

ठोकळ्यात पाणी किती असते

अमेरिकेत रूढ असलेले एक प्रमाण असे : सुमारे ६०० लिटर पाणी, २७ किलो कागद, ४३ किलो सिमेंट आणि ३० किलो वाळू. म्हणजे शंभर किलो कोरड्या मालामागे त्याच्या सहापट पाणी. एवढे पाणी लागते ते कागदाचे तंतू सुटे व्हावेत म्हणून. ठोकळ्याला त्याची गरज नसते. यातले बरेचसे पाणी साच्याच्या तळातून निथळून जाते. तरीही निथळलेल्या ठोकळ्यात कोरड्या मालापेक्षा पाणीच अधिक असते.

उदाहरणादाखल ३० × २० × १० सेंटिमीटरचा ठोकळा घ्यावा. त्याचे आकारमान सहा लिटर होते. निथळून झाल्यावर त्याचे वजन सहा किलोच्या आसपास भरते. पुरता वाळल्यावर, मिश्रणात सिमेंट-वाळू किती यानुसार, ते अडीच ते तीन किलोवर येते. म्हणजे प्रत्येक ठोकळ्यातून तीन ते साडेतीन लिटर पाणी हवेत जायला हवे. शंभर ठोकळ्यांची एक खेप धरली तर ते तीनशे लिटरांहून जास्त होते.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. निरभ्र दिवशी मराठवाड्यात चौरस मीटरमागे ६ किलोवॅट-तास, म्हणजे जवळपास २१.६ मेगाज्यूल, इतके ऊन मिळते. ते सगळे पाणी उडवण्यातच खर्ची पडले असे मानले तरी चौरस मीटरमागे दिवसाला नऊ लिटरांपलीकडे जाता येत नाही. आडव्या ठेवलेल्या ठोकळ्याची वरची बाजू ०.०६ चौरस मीटर असते; तिच्यातून दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी जाईल. या हिशेबाने नुसत्या वरच्या बाजूने वाळायलाच किमान आठवडा हवा, आणि प्रत्यक्षात उन्हाचा मोठा भाग परावर्तित होतो किंवा जमीन व हवा तापवण्यात जातो. बाजूंनी वारा मिळाला तर वेग वाढतो, कारण कोरडा वारा स्वतःसोबत उष्णताही आणतो. यावरून दोन नियम निघतात. जे पाणी निथळून, दाबून किंवा चाळणीवर ठेवून काढता येईल ते उन्हावर सोडू नये. आणि ठोकळ्याच्या शक्य तितक्या बाजू हवेला मोकळ्या ठेवाव्यात.

निथळलेले पाणी वाया घालवण्याचे कारण नाही. पुढची रद्दी भिजवायला ते चालते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा मुद्दा वाळवण्याच्या हिशेबाइतकाच मोलाचा आहे.

घट्ट होणे आणि वाळणे

पेपरक्रीटमध्ये एकाच वेळी दोन क्रिया चालतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. त्यासाठी पाणी आत राहायला हवे. ठोकळा हलका आणि टिकाऊ होतो तो पाणी बाहेर गेल्यावर. पाणी लवकर गेले तर सिमेंट अर्धवट राहते, आणि फार दिवस आत राहिले तर कागद कुजतो. चांगले वाळवणे म्हणजे पहिले काही दिवस पाणी अडवून धरणे आणि त्यानंतर त्याला भराभर वाट करून देणे.

काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ या बाबतीत स्पष्ट आहे : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस पाणी मारावे, हवा उष्ण व कोरडी असेल तर हेच अनुक्रमे १० आणि १४ दिवस. पेपरक्रीटसाठी वेगळे मानक नसल्याने हेच आकडे मार्गदर्शक मानता येतात. बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट राख मिसळलेलेच असते. त्यात परळीसारख्या औष्णिक केंद्रातली राख आणखी घातली, तर ताकद सावकाश येते आणि ओले ठेवण्याची मुदत वाढते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले सगळे घटक शिल्लक असतात. त्यांतले काही सिमेंट घट्ट होण्याला उशीर लावतात. पेपरक्रीटच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. त्याच्या गाभ्यात इतके पाणी असते की आतल्या सिमेंटला वरून पाणी मारावे लागत नाही. काळजी घ्यायची ती पृष्ठभागाची, कोपऱ्यांची आणि कडांची.

ओल जाण्याचेही दोन टप्पे असतात. पहिल्यात पृष्ठभाग सतत ओला असतो आणि पाणी किती वेगाने उडेल हे हवेचे तापमान, आर्द्रता आणि वारा ठरवतात. पृष्ठभाग फिकट दिसू लागला की दुसरा टप्पा सुरू होतो. आता पाण्याला गाभ्यातून वाट काढत बाहेर यावे लागते, म्हणून वेग ठोकळ्याच्या जाडीवर ठरतो. या टप्प्यात लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. पाच सेंटिमीटरची फळी आणि दहा सेंटिमीटरचा ठोकळा एकाच दिवशी ओतले तर ते एकाच दिवशी वाळतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. घरोघरच्या वाळवणात जाड सांडगा वरून कडक होतो आणि आतून ओला राहून आंबतो. जाड ठोकळ्याचा दोष नेमका तोच.

वैशाखातल्या दुपारी उघड्यावर ठेवलेल्या ठोकळ्यात हा दोष डोळ्यांनी पाहता येतो. सकाळी साच्यातून काढलेल्या ठोकळ्याचा गडद करडा रंग दुपार टळायच्या आत राखेसारखा फिकट होतो. दुसऱ्या दिवशी कडा किंचित वर उचललेल्या दिसतात, कारण वरचा थर आकसला आहे आणि खालचा अजून फुगलेलाच आहे. कोपऱ्यांकडून केसाएवढे तडे आत येऊ लागतात. पृष्ठभागावर बोट घासले तर पांढरट भुकटी निघते. ते पाण्याअभावी अर्धवट राहिलेले सिमेंट असते. पाचव्या दिवशी ठोकळा मधोमध फोडला तर बाहेरून दोन-तीन सेंटिमीटरचा फिकट थर आणि आत गडद ओला पट्टा अशी सरळ विभागणी आढळते. बाहेरून तो कधीच वाळलेला दिसत असतो.

टेंभुर्णीचे वर्ष

हवा किती पाणी घेऊ शकते याचा अंदाज तापमान आणि आर्द्रता यांवरून बांधता येतो. चाळीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५१ ग्रॅम वाफ मावते. वैशाखातल्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल तर त्यातली सुमारे ४० ग्रॅमची जागा रिकामी असते. कार्तिकातल्या दुपारी, ३० अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेला, ती सुमारे १७ ग्रॅम राहते. श्रावणात, २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला, ती ४ ग्रॅमसुद्धा भरत नाही. उन्हाळ्यातली हवा श्रावणातल्या हवेच्या दसपट पाणी ओढते, आणि कार्तिकातली हवा या दोन टोकांच्या मधोमध असते. ठोकळ्याला मानवते ती हीच मधली हवा. सर्वांत कडक ऊन म्हणजे सर्वांत चांगले वाळवणे, हा समज पेपरक्रीटच्या बाबतीत खरा ठरत नाही.

परतीचा पाऊस संपल्यावर, म्हणजे साधारण दसऱ्यानंतर, टेंभुर्णीत कामाचा पहिला हंगाम उघडतो. दिवसा ऊन असते, हवा कोरडी होत जाते, वारा बेताचा असतो आणि विहिरींना पाणी असते. अडचण मनुष्यबळाची. याच दिवसांत सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी येते. त्यामुळे रद्दी गोळा करणे, भिजवणे आणि साचे तयार करणे दिवाळीपर्यंत उरकून, ठोकळे पाडण्याचे मुख्य काम मार्गशीर्षाच्या सुमारास घेणे सोयीचे पडते. वीटभट्टीवाल्यांचा कच्च्या विटा थापण्याचा हंगामही दिवाळीनंतरच सुरू होतो. कारणे तीच आहेत.

हिवाळ्यात रात्रीचे तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरते. या थंडीत सिमेंट सावकाश घट्ट होते. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी निघणारा ठोकळा साच्यात दोन-तीन दिवस ठेवावा लागतो. घाई केली तर तो उचलताना मोडतो. पहाटेचे दव दिवसभराची कमाई परत भिजवते, म्हणून सूर्यास्ताला ताडपत्री टाकावी आणि ऊन अंगावर आले की काढावी. ती दिवसा तशीच राहिली तर आतली ओल तिच्या खालच्या बाजूला जमून पुन्हा ठोकळ्यांवर ठिबकते. हिवाळ्यातले वाळवणे संथ असले तरी सगळीकडून सारखे होते आणि तडे क्वचित जातात. घाई नसेल त्याच्यासाठी मार्गशीर्ष ते माघ हाच उत्तम काळ.

फाल्गुन संपता संपता उन्हाळा जड होतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, गरम वारा सुटतो आणि पाण्याची ओढाताण सुरू होते. या दिवसांत काम करायचेच असेल तर क्रम पाळावा लागतो. पहिले आठ-दहा दिवस ठोकळे ओल्या गोणपाटाखाली, सावलीत. पुढचे काही दिवस अर्धसावलीत. उघडे ऊन सर्वांत शेवटी, गाभ्यातली ओल काढण्यापुरते. जाफराबाद तालुक्यात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी शेडनेट ठिकठिकाणी उभी आहेत; हंगाम संपलेले शेडनेट अर्धसावलीसाठी आयते मिळते. ५० टक्के सावलीची जाळी ऊन निम्मे अडवते आणि वारा खेळता ठेवते. उन्हाळ्यात बोअरचे पाणी जड असेल तर त्यातले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येऊन पांढरे थर धरतात आणि पुढे भिंतीला लोणा लागतो. शक्य असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

उन्हाळ्यातला दुसरा धोका अवकाळीचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने रब्बीची उभी पिके झोपवली. अशा दिवसांत अर्धवट वाळलेले ठोकळे उघड्यावर असले तर सगळी खेप जाते. पूर्ण घट्ट झालेला ठोकळा एकदा भिजला तर तो पुन्हा वाळवता येतो. ज्याचे सिमेंट अजून कच्चे आहे तो मात्र पावसाच्या माऱ्याने कोपरे सोडतो. माघानंतर पाडलेल्या खेपेजवळ ताडपत्री आणि दोर हाताशी हवेतच.

रोहिणी लागायच्या आत ठोकळे पाडणे थांबवणे शहाणपणाचे. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्यानंतर सप्टेंबर अखेरपर्यंत हवेत पाणी घ्यायला जागा उरत नाही. आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर दिवसच्या दिवस राहिली की ओल्या कागदावर बुरशी धरते, आणि सिमेंटचे प्रमाण कमी असेल तर अधिकच. पावसाळ्यात करायचे काम एकच : वाळलेला माल कोरडा ठेवणे. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच ओट्यावर किंवा लाकडावर लावावी. वरून पत्रा किंवा ताडपत्री घालावी, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. थप्पी चारही बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतली उरलीसुरली ओल कोंडते आणि बुरशी आतूनच सुरू होते.

इतर हवामाने

कोकणात प्रश्न पावसाळ्यापुरता नाही. तिथे हिवाळ्यातही किनाऱ्याजवळची हवा बरीच दमट असते, आणि कागद हवेच्या आर्द्रतेशी नेहमी जुळवून घेतो. निम्म्या आर्द्रतेत कोरड्या कागदात वजनाच्या ७ टक्क्यांच्या आसपास ओल असते. ९० टक्के आर्द्रतेत ती जवळपास दुप्पट होते. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठोकळा कितीही दिवस ठेवला तरी तो टेंभुर्णीइतका कोरडा होत नाही. तिथे जाडी पाच-सात सेंटिमीटरपर्यंत मर्यादित ठेवावी, सिमेंट वाढवावे, ठोकळे यंत्राने दाबून पाणी आधीच काढावे, आणि कामाचा काळ डिसेंबर ते मार्च धरावा. बाहेरच्या भिंतीला जांभा असताना पेपरक्रीट आतल्या आडभिंतींपुरते वापरणे तिथे जास्त योग्य. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर, जिथे पावसाळा हजारो मिलिमीटरांत मोजला जातो आणि धुके आठवडेच्या आठवडे राहते, तिथे वर्षातले कामाचे दिवस आणखी कमी होतात.

विदर्भातला उन्हाळा टेंभुर्णीहून कडक असतो. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. तिथे उन्हाळ्यात ओलाव्याची मुदत मानकातल्या वरच्या आकड्यापर्यंत न्यावी लागते. पूर्व विदर्भात पाऊस मराठवाड्याहून बराच जास्त असल्याने तिथला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच उरतो. पश्चिम महाराष्ट्राचा पर्जन्यछायेतला पट्टा, म्हणजे माण, खटाव, जत, सांगोला, टेंभुर्णीच्या वेळापत्रकावर जवळजवळ जसाच्या तसा चालतो.

लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ऊन प्रखर असते, पण पाणी न गोठणारे दिवस थोडे. ओल्या ठोकळ्यातले पाणी गोठले की ते फुगते आणि तंतूंची पकड सोडवते. म्हणून काम मे ते ऑगस्टमध्ये सुरू होऊन पहिल्या हिमापूर्वी ठोकळा गाभ्यापर्यंत वाळलेला असावा लागतो. दक्षिण न्यू मेक्सिकोत वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटरच्या घरात आहे आणि हवा बारमाही कोरडी. तिथे मोठे ठोकळे उघड्यावर टाकून विसरले तरी चालतात. महाराष्ट्रात तसे कुठेच चालत नाही.

मिश्रण आणि मांडणी

हवामानाप्रमाणे मिश्रणही बदलते. वाळू वाढवली की आकसणे कमी होते आणि तडे टळतात, पण वजन वाढते. माती घालायची तर गावठाणातली पांढरी किंवा बारीक मुरूम घ्यावा. टेंभुर्णीच्या शिवारातली काळी माती कापसाला उत्तम, ठोकळ्याला घातक. भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हा तिचा स्वभाव लगद्यात मिसळूनही जात नाही. चुना वापरला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. त्यासाठी त्याला थोडी ओल लागते, म्हणून चुन्याचे ठोकळे कडक उन्हात कधीच ठेवू नयेत.

मांडणीत खालची बाजू सर्वांत उपेक्षित राहते. सपाट जमिनीवर टाकलेला ठोकळा खालून वाळत नाही, उलट जमिनीतली ओल घेतो. जालना भागात पऱ्हाटी आणि तुराट्या मुबलक असतात. त्यांचा आडवा-उभा थर अंथरून त्यावर ठोकळे ठेवले की खालूनही हवा फिरते. दोन-तीन दिवसांनी, उचलता येण्याइतका घट्ट झाला की, ठोकळा कडेवर उभा करावा. आठवड्याभराने थप्पी लावावी ती जाळीदार : एका थरात ठोकळे एका दिशेला, वरच्या थरात काटकोनात, मध्ये चार बोटे अंतर. थप्पीची लांब बाजू वाऱ्याला आडवी असावी आणि दोन थप्प्यांमध्ये माणूस जाईल एवढी वाट असावी. रोज एकदा ठोकळे फिरवण्याइतके मनुष्यबळ नसेल तर निदान ऊन लागणारी बाजू एक दिवसाआड बदलावी.

वाळल्याची पारख आणि वापर

ठोकळा वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. सर्वांत विश्वासाचा उपाय वजनकाटा. प्रत्येक खेपेतल्या दोन-तीन ठोकळ्यांवर खूण करून दर दोन दिवसांनी त्यांचे वजन लिहून ठेवावे; लागोपाठच्या दोन नोंदींत एक टक्क्याहून कमी फरक आला की खेप त्या हवेपुरती वाळली. काटा नसेल तर एक ठोकळा फोडून गाभ्याचा रंग पाहावा. गालाला लावून गार लागणाऱ्या ठोकळ्यातून अजून पाणी उडत असते. ठोकळा पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेवला आणि सकाळी आतून दव दिसले, तरी ओल शिल्लक असल्याचे समजावे.

अर्धओला ठोकळा भिंतीत गेला की नुकसान दुप्पट होते. तो भिंतीतच आकसतो, सांधे उघडतात, आणि गिलावा केला असेल तर ओल कोंडून त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून ठोकळे पाडणे मार्गशीर्षात, भिंत माघ-फाल्गुनात, गिलावा चैत्रात आणि छप्पर मृगापूर्वी, असा क्रम टेंभुर्णीसारख्या गावात सुरक्षित ठरतो. भिंत काळ्या दगडाच्या, निदान दोन फुटी जोत्यावर उभी करावी, कारण कागद जमिनीतले पाणी वातीसारखे वर ओढतो. त्याच जोत्यामुळे वाळवीलाही आळा बसतो. कागद हे तिचे खाद्य आहे. ओल गेली आणि जमिनीशी संबंध तुटला की तिची वाट बंद होते. छपराची वळचण लांब ठेवली की भिंतीवर पाऊस थेट येत नाही.

ताकदीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. भाजक्या विटांसाठी भारतीय मानक १०७७ मधला सर्वांत खालचा वर्ग चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन भार सोसणारा असतो. घरी ओतलेले हलके पेपरक्रीट बहुधा त्याच्याही खाली राहते. म्हणून भार वाहायला लाकडी, लोखंडी किंवा काँक्रीटचा सांगाडा हवा आणि पेपरक्रीट त्यात भराव म्हणून बसवावे. मराठवाड्याच्या जुन्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्याच वजनाने हजारो माणसे दगावली. त्या अनुभवानंतर भिंत हलकी असणे हा या प्रदेशात गुण ठरतो, पण ती सांगाड्याला नीट बांधलेली असेल तरच. उष्णता अडवण्यात पेपरक्रीट भाजक्या विटेच्या कितीतरी पुढे आहे. पत्र्याच्या घराला आतून लावलेली पाच सेंटिमीटरची फळीसुद्धा वैशाखातल्या दुपारी फरक दाखवते. आगीत ते भडकत नाही. सिमेंट फार कमी असेल तर मात्र आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहते. त्यामुळे चुलीच्या मागची भिंत आणि धुराड्याचा परिसर विटेचाच ठेवावा, आणि बाकी सगळीकडे गिलावा दोन्ही बाजूंनी पूर्ण करावा.